बोटं दुखतात, तारा गंजतात: गिटारच्या तारांविषयी तुमचे प्रश्न

गेल्या अंकात पहिली गिटार कशी निवडावी यावर लिहिलं आणि त्यावर आलेली बहुतेक पत्रं तारांबद्दलची निघाली. मला याचं फार बरं वाटलं. चिपळूणला गिटार शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. शिकवण्याच्या जोडीनं दुरुस्तीही करते. ‘गिटार बिघडली’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच वाद्यांना काहीही झालेलं नसतं, त्यांना फक्त योग्य तारा हव्या असतात. म्हणून या वेळी सगळी जागा तारांना दिली आहे. पुढे घोळ नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगते: सगळ्यात बारीक तार ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी.

माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीत तिला साडेचार हजारांची गिटार ऑनलाइन घेऊन दिली. दीड महिना रोज वाजवत होती. आता म्हणते बोटं फार दुखतात, मला जमणार नाही. बोटांवर खोल वळ उठतात. शिकवणारे सर म्हणतात, सगळ्यांचीच दुखतात, सवय होईल. गिटार विकून टाकावी का?
— एक आई, परभणी

गिटार विकू नका. सगळ्यांची बोटं दुखतात हे खरं आहे. पहिले तीन-चार आठवडे टोकं हुळहुळी होतात, मग कातडी निबर होते आणि दुखणं थांबतं. तुमची मुलगी दीड महिना रोज वाजवूनही तिथेच अडकली आहे. म्हणजे ते वाद्य तिच्याकडून नको तितका जोर मागतंय.

आधी तारा बघू. तारांच्या पाकिटावर १०, ११, १२, १३ असा आकडा असतो. ती पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. १२ म्हणजे ०.३०५ मिलिमीटर आणि १० म्हणजे ०.२५४. वाचताना फरक नगण्य वाटतो, पण तोच स्वर लावायचा तर तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नेहमीच्या लांबीच्या गिटारवर १२ ची पहिली तार तिच्या स्वरात लावली की साधारण साडेदहा किलोंनी ताणलेली असते, १० ची सव्वासात किलोंच्या थोडी वर. सहाही तारा मिळून १२ च्या संचाचा ताण सत्तर किलोंच्या पुढे जातो, १० च्या संचाचा साठच्या आसपास राहतो. तेरा वर्षांच्या मुलीच्या बोटांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

स्वस्त गिटारवर कारखान्यात कोणत्या तारा चढवल्या ते बऱ्याचदा खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय गोदामात पडून राहिलेल्या वाद्याच्या तारांवर गंजाचे कण बसलेले असतात. पहिल्या तारेवरून बोट हलकेच लांब सरकवून बघा. काचेवरून फिरवल्यासारखं गुळगुळीत लागायला हवं. खरखरीत लागलं, तर तुमची मुलगी रोज अर्धा तास बोटं कानशीवर घासते आहे असं समजा.

दुकानात जाऊन ‘ॲकॉस्टिकचा एक्स्ट्रा लाइट संच, १० चा’ असं स्पष्ट मागा. पाकिटावर १०-४७ किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असेल. ‘१० चा’ एवढंच म्हणालात तर दुकानदार इलेक्ट्रिक गिटारचा संच हातात ठेवण्याची शक्यता असते, कारण तिकडे १० चा संच फार खपतो. ओळखायची खूण तिसऱ्या तारेत आहे. ॲकॉस्टिकच्या संचात तिसऱ्या तारेवर वेढे असतात, इलेक्ट्रिकच्या बहुतेक संचांत ती साधी, बिनवेढ्याची असते. इलेक्ट्रिकच्या तारांचे वेढे निकेलच्या मुलाम्याचे, चुंबकाच्या पिकअपसाठी केलेले. तुमच्या लाकडी पेटीवर त्यांचा आवाज कोरडा येईल.

आता तारेची उंची. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. शाळेची मिलिमीटरची पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटवर उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेपर्यंत दोन मिलिमीटर, इतपत अंतर शिकणाऱ्याला ठीक असतं. चार मिलिमीटर भरलं तर तारा कितीही बारीक लावा, हात दुखणारच. उपाय महागडा नाही. पेटीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजवर जी पांढरी पट्टी असते, सॅडल, ती बाहेर काढून तळाकडून सपाट घासायची. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. घरी करू नका. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, हे अर्ध्या तासाचं काम आहे.

मानेच्या वरच्या टोकाला खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. बहुतेक जण तिच्याकडे बघतच नाहीत. तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर डोकावून पाहा. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट हवी. तिथे जाड पुठ्ठा सहज जात असेल तर खाचा उथळ राहिल्या आहेत. सुरुवातीचे सगळे कॉर्ड पहिल्या तीन फ्रेटमध्येच वाजतात, म्हणून या एका चुकीनं मुलं सगळ्यात जास्त रडकुंडीला येतात.

दुरुस्ती होईपर्यंत आजच करता येईल असं एक: सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावा आणि पहिल्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. स्वर होते तेच राहतील, ताण सुमारे अकरा टक्क्यांनी उतरेल आणि नटची उंचीही आपोआप बाजूला होईल.

हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे त्याला कारण आहे. १९८७ साली मी बारा वर्षांची होते, आम्ही गिरगावात राहायचो. बाबांनी कुणाकडून तरी वापरलेली गिटार आणली. तीन महिने बोटांना पट्ट्या चिकटवून वाजवलं. ज्यांच्याकडे शिकत होते ते म्हणाले, मुलींची बोटं नाजूक असतात, तिला हार्मोनियम द्या. मी गिटार कपाटावर ठेवून दिली. बाबा मात्र ऐकेनात. त्यांनी मला आणि गिटारला घेऊन धोबीतलाव गाठलं. तिथे एका खोलीत एक वयस्कर गोवेकर वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांनी माझी बोटं पाहिली, मग तारा पाहिल्या. १३ च्या होत्या, काळ्या पडलेल्या. बाबा आणि मी बाकावर बसून पाहत राहिलो. त्यांनी सॅडल घासली, बारीक तारा चढवल्या आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली. जो डी कॉर्ड मला तीन महिने जमला नव्हता तो त्या बाकावर वाजला. त्यांनी माझ्याशी एक शब्दही न बोलता मला वाजवत ठेवलं. तुमच्या मुलीला तसा एक बाक मिळावा एवढीच माझी इच्छा आहे.

बारीक तारांना उणीवही आहे. आवाज थोडा लहान येतो आणि जोरात झोडलं तर तार फ्रेटला लागून खर्र वाजते. तारा बदलल्यावर मानेवरची ओढ कमी होते, मान थोडी मागे जाते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर खरखर सुरू होऊ शकते. मानेतली सळई पाव फेऱ्यानं सैल केली की जाते, पण तेही जाणत्या माणसाकडून. सहा महिन्यांनी बोटं तयार झाली की ११, मग वाटलं तर १२.

परभणीचा उन्हाळा कोरडा असतो, त्यासाठी एवढं करा. एप्रिल-मेमध्ये साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी गिटारच्या पिशवीत टाका. लाकूड सुकून तडकत नाही.

आणि तुझ्यासाठी, बाळा: दीड महिना दुखऱ्या बोटांनी रोज बसलीस. ज्यांना जमत नाही ती मुलं चौथ्या दिवशी उठून जातात.

पासष्टाव्या वर्षी शिकायला लागलो आहे. एका पाकिटावर ‘८०/२० ब्रॉन्झ’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘फॉस्फर ब्रॉन्झ’. दोन्ही १२ चे संच, किंमत जवळजवळ सारखी. दुकानदार म्हणाला, काही फरक नाही. खरंच नाही का?
— निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

फरक आहे आणि तुमच्या घरातल्या भांड्यांवरून तो चांगला कळेल.

गिटारच्या जाड तारा एकसंध नसतात. आत पोलादाची गाभ्याची तार असते आणि तिच्यावर दुसऱ्या धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. खालचा स्वर हवा तर तारेला वजन हवं. ते वजन एकाच जाड पोलादी तारेनं आणलं तर ती सळईसारखी ताठ होईल आणि गाणार नाही. वेढ्यांमुळे वजन येतं आणि लवचीकपणाही राहतो. ही गुंडाळलेली तार कशाची, तेवढंच ही दोन नावं सांगतात.

८०/२० म्हणजे ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के जस्त. तांबं आणि जस्त म्हणजे आपलं पितळ. पाकिटावर ब्रॉन्झ छापण्याची रीत पडली आहे, पण ते पितळच. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये साधारण ब्याण्णव टक्के तांबं, आठ टक्क्यांच्या आत-बाहेर कथील आणि नावापुरता फॉस्फरस. तांबं आणि कथील, म्हणजे काशाच्या वाटीच्या कुळातला धातू. गिटारच्या तारांसाठी तो डॅडारिओ कंपनीनं १९७४ साली बाजारात आणला. त्याआधी ॲकॉस्टिकवर पितळी वेढ्यांचाच जोर होता.

८०/२० चा आवाज पहिल्या दिवशी लख्ख असतो. वरचे नाद सुटे आणि खणखणीत ऐकू येतात. पण पितळेचं तुम्हाला माहीतच आहे, घासूनपुसून ठेवलेला तांब्या चार दिवसांत मंद होतो. या तारांचंही तसंच, दोन-तीन आठवड्यांत चमक उतरते. फॉस्फर ब्रॉन्झ सुरुवातीलाच जरा ऊबदार, भरीव बोलतो आणि तसाच जास्त दिवस टिकतो.

घरात कुणी गाणारं असेल तर तंबोरा ऐकून पाहा. मिरजेत आजही तंबोऱ्याच्या मधल्या जोडीला पोलादी तार आणि खर्जाला पितळेची तार लावतात. एकाच भोपळ्यावर धातू बदलला की आवाजाचा रंग किती बदलतो ते खर्जाची तार छेडल्याबरोबर कळतं. मी विद्यार्थ्यांना तंबोऱ्यापाशी बसवून हे ऐकवते. पाकिटावरची वर्णनं वाचून कुणालाच काही कळत नाही.

तुम्ही नवशिके आहात, महिन्याला तारा बदलणार नाही, म्हणून फॉस्फर ब्रॉन्झ घ्या. गिटार आधीच गडद, घुमणारी असेल, मोठ्या पेटीची आणि महोगनीची, तर मात्र एकदा ८०/२० लावून पाहा. तिचा आवाज उघडतो. आणि १२ ऐवजी ११ घ्या. पासष्टाव्या वर्षी सांध्यांना उगाच त्रास कशाला? ११-५२ चा संच आवाजात १२ च्या फार मागे नसतो.

पहिली तार तुटली. एकच बदलू की सगळा संच?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव

संच महिन्याभरातला असेल तर एकच. बहुतेक मोठ्या दुकानांत पहिली-दुसरी तार सुटी मिळते, आणि त्याच तारा जास्त तुटतात. संच जुना असेल तर सगळा बदल, नाहीतर नवी तार बाकीच्या पाचांत ओरडत राहील. तार दर वेळी एकाच जागी तुटते का तेही बघ. खुंटीपाशी, नटपाशी की सॅडलवर? तिथे धारदार कड असणार. बारीक पॉलिशपेपर फिरवला की पुढच्या तारा वाचतील.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नव्या तारा तीन आठवड्यांत तांबूस होतात. मित्रानं सांगितलं म्हणून खोबरेल लावतो, पण आवाज मेल्यासारखा झाला. कोटेड तारा खरंच टिकतात की नुसता खर्च?
— देवगड

खोबरेल आजपासून बंद करा. तेल वेढ्यांच्या फटींत जाऊन बसतं, त्यावर धूळ आणि घाम चिकटतो आणि तार जड, बहिरी होते. शिवाय ते झिरपून फिंगरबोर्डच्या लाकडात उतरतं. शिलाई मशीनचं तेलही नको.

तुमची अडचण मला सांगायला नको, मी चिपळूणची आहे. बिनवेढ्याच्या तारांवर कथलाचा पातळ मुलामा असतो. खाली उच्च कर्बाचं पोलाद. घामातलं मीठ मुलाम्याला बारीक छिद्रं पाडतं आणि आमची दमट हवा उरलेलं काम करते. त्यात काहींचा घामच असा असतो की तार त्यांच्या हाताला टिकत नाही. माझी एक विद्यार्थिनी आठ दिवसांत तारा काळ्या करते, तर तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या तारा चार महिने चालतात. तुमचे तीन आठवडे हवेचे की हाताचे, हे बघायचं तर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पंधरा दिवस त्याच तारा वाजवू द्या.

वाजवण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा तारेच्या वरून आणि खालूनही फिरवा. खालची बाजू सगळे विसरतात, गंज तिथूनच सुरू होतो. गिटार भिंतीला टांगू नका, पिशवीत ठेवा. पिशवीत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या टाका आणि दर पंधरवड्याला त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत टाका. पावसाळ्यात लाकूडही पाणी धरतं. पेटीचा वरचा पत्रा, म्हणजे वरची पातळ लाकडी फळी, फुगतो आणि तारा वर येतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे जुलैत ती कुठे असते तुम्ही जाणता.

कोटेड तारा टिकतात. गोअर-टेक्सचं जलरोधक कापड बनवणाऱ्या कंपनीनं नव्वदच्या दशकात एलिक्सर या नावानं त्या आणल्या, आता इतरांच्याही मिळतात. तारेवर अतिपातळ पॉलिमरचा थर असतो, त्यामुळे घाम आणि दमटपणा धातूपर्यंत लवकर पोचत नाही. माझ्या अनुभवात साध्या तारांच्या तिप्पट-चौपट चालतात. किंमतही साधारण तिप्पट असते, म्हणजे हिशेब फिटंफाट. पण दर तीन आठवड्यांनी देवगडहून दुकान गाठायचं, त्या फेऱ्या वाचतात. बोटाला त्या जरा निसरड्या लागतात, ते सवयीनं जातं. मी स्वतः जून ते ऑक्टोबर कोटेड लावते आणि दिवाळीनंतर साध्या फॉस्फर ब्रॉन्झ, कारण साध्या तारेचा कोवळा आवाज मला अजूनही जास्त आवडतो.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं तेव्हा माझा वर्ग तळमजल्यावर होता. पाणी ओसरल्यावर गाळातून अकरा गिटारी काढल्या. बहुतेकांचे ब्रिज आणि पाठी सरसातून सुटल्या होत्या. चार वाचतील असं वाटलं. त्यांच्या साध्या तारा दोन दिवसांत लाल होऊन हातात तुकडे झाल्या. एका गिटारवर कोटेड होत्या, त्या पुसल्यावर निदान ओळखू येत होत्या. मी सगळ्या तारा काढून टाकल्या, कारण भिजलेल्या सांध्यांवर सत्तर किलोंचा ताण ठेवणं म्हणजे ब्रिज उपटून घेणं. वाद्य भिजलं तर पहिलं काम हेच: ताण उतरवा. मग सावलीत, पंख्यापासून लांब, आठवडे लागले तरी सुकू द्या. त्यातल्या तीन आज वाजतात.

भावगीतांच्या कार्यक्रमात साथ करतो. आमच्या गायिकेची पट्टी काळी पाच. मला सी च्या बोटांची सवय, म्हणून सगळी गिटार दोन अर्धस्वर खाली लावतो. पण तारा लोंबतात, खरखरतात. जाड तारा लावू का?
— सोलापूर

हिशेब तुम्ही बरोबर मांडला आहे. दोन अर्धस्वर खाली उतरलं की सी चा आकार काळी पाचमध्येच वाजतो. पण तेवढ्या उतरण्यात ताण एकवीस टक्क्यांनी कमी होतो. १२ ची पहिली तार मग ११ हूनही सैल लागते.

गिटार कायम खालीच ठेवणार असाल तर १३-५६ लावा. खाली लावलेल्या १३ चा ताण नेहमीच्या सुरातल्या ११ आणि १२ यांच्या मधोमध बसतो, हाताला अनोळखी वाटणार नाही आणि खर्ज सुंदर भरतो. नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतील. एक पथ्य मात्र पाळा: या तारा चढवलेली गिटार कुणी ‘सुरात लावून देतो’ म्हणून वर ओढणार नाही याची काळजी घ्या. पत्रा हलका असेल तर ब्रिजमागे फुगतो.

एकच गिटार असेल आणि इतर गायकांनाही साथ करायची असेल तर तारा १२ च ठेवा, नेहमीच्या सुरात. तिसऱ्या फ्रेटवर कापो लावून जी चे आकार वाजवा, काळी पाच येते. पहिल्या फ्रेटवर कापो लावून ए चे आकार वाजवलेत तरी येते, आणि आवाजाला जास्त खोली राहते. सी ची बोटं सोडणं जड जाईल हे मला ठाऊक आहे, तरी ए चे आकार पंधरा दिवस घोटून बघा. भावगीताच्या मध्यलयीत त्यांची उघडी पाचवी तार फार गोड लागते.

आजोबांची गिटार माळ्यावर सापडली. तारा प्लास्टिकसारख्या, तीन तुटलेल्या. आवाज लहान वाटतो म्हणून स्टीलच्या लावायचं ठरवलंय. कोणत्या नंबरच्या घेऊ?
— डिचोली, गोवा

कोणत्याच नका घेऊ. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत ब्रिजला खुंट्या नाहीत, तारा भोकांतून ओवून गाठ मारलेल्या दिसतात. डोक्याच्या भागाला दोन लांब खाचा आहेत, त्यांत जाड पांढरे रूळ. मान रुंद आहे आणि पेटीला बाराव्या फ्रेटवर मिळते. ही नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे. हिच्या पत्र्याखाली पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या पसरलेल्या असतात. ही मांडणी १९व्या शतकात स्पेनच्या अंतोनियो दे तोर्रेस यांनी पक्की केली. स्टीलच्या गिटारीत एक्स आकाराच्या दणकट पट्ट्या असतात आणि बहुधा मानेत सळईही. नायलॉनच्या संचाचा ताण चाळीस किलोंच्या आसपास असतो. तुम्ही १० चा सगळ्यात हलका स्टीलचा संच लावलात तरी तो साठवर जाईल. कधी महिन्यात तर कधी वर्षात ब्रिज पत्र्याची साल घेऊन वर येतो आणि मान वाकते. असे उपटलेले ब्रिज मी किती चिकटवले असतील! तुमच्या आजोबांच्या गिटारचा मला चिकटवायचा नाही.

या तारांना स्वतःचा इतिहास आहे. पूर्वी गिटारला जनावराच्या आतड्याची तार असायची, आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला आणि सारंगीला असते तशी तात. दुसऱ्या महायुद्धात ती तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी वळवली गेली आणि वादकांना तारा मिळेनात. न्यूयॉर्कमध्ये वाद्यं बनवणाऱ्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी ड्युपाँटच्या नायलॉनपासून तारा करून पाहिल्या. स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या आणि चाळीसच्या दशकाअखेर तात मागे पडली. तुमच्या गिटारच्या पहिल्या तीन तारा साध्या नायलॉनच्या असतील. खालच्या तिन्हींत नायलॉनच्या बारीक धाग्यांचा गाभा आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचे वेढे.

आवाज लहान वाटतो तो मेलेल्या तारांमुळे. माळ्यावर वर्षानुवर्षं ताणलेलं नायलॉन लांबून लांबून असमान होतं. नवा ‘नॉर्मल टेन्शन’चा क्लासिकल संच घ्या, ‘हार्ड’ नको, वाद्य म्हातारं आहे. चढवण्याआधी पेटीत मोबाईलचा दिवा सोडून खालच्या पट्ट्या सुटलेल्या नाहीत ना, ते बघा. पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा. कुठे भदभद असा सैल आवाज आला तर आधी कुणाला तरी दाखवा.

एका वेळी एकच तार बदला. ब्रिजच्या भोकातून ओवून तिच्याच खालून वेढा घाला, पहिल्या तारेला दोन-तीन वेढे जास्त द्या, ती सटकते. पहिली संध्याकाळभर अर्धा स्वर खालीच ठेवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात आणा. नायलॉन आठ-दहा दिवस उतरत राहील. वाजवायला बसाल तेव्हा दर वेळी आधी सुरात लावा. दहाव्या दिवशी ती जागेवर थांबेल. तेव्हा उजव्या हाताचं नख वाढवून, प्लेक्ट्रम (तारा छेडायची चपटी पट्टी) बाजूला ठेवून वाजवा आणि आवाज कसा येतो ते मला जरूर कळवा.